जेम्स ब्राऊनचं ‘लाइव्ह ॲट द अपोलो’: ठाण्याच्या टू-बीएचकेत कसं वाजतं?

अमेरिकन सोल गायक जेम्स ब्राऊनचा हा अल्बम लावताना हमखास होणारी चूक म्हणजे सुरुवातीलाच आवाज चढवणं. निवेदकाची ललकारी आणि ब्रासचे, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी फुंकवाद्यांचे, ठोके ऐकून हात नॉबकडे जातोच. पण याची खरी ताकद वाद्यवृंद दबतो तिथे आहे, आणि तेवढ्यासाठी घर थोडं लावून घ्यावं लागतं.

ध्वनिमुद्रण २४ ऑक्टोबर १९६२चं, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरातलं. जुन्याच गाण्यांची लाइव्ह रेकॉर्ड कोण घेणार, म्हणून ब्राऊनच्या रेकॉर्ड कंपनीच्या, किंग रेकॉर्ड्सच्या, सिड नेथनने पैसे घालायला नकार दिला. खर्च ब्राऊनने स्वतः केला. १९६३ मध्ये रेकॉर्ड आली आणि बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या अल्बम यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. लांबी जेमतेम अर्धा तास, आणि त्यात मोकळी जागा नाही: एक गाणं संपतं न संपतं तोच ब्रास पुढच्याकडे ढकलतो. ‘थिंक’ तर इतकं पळतं की ड्रमर कुठे सुटत कसा नाही, याचंच नवल वाटतं.

मात्र थांबायचं ते ‘लॉस्ट समवन’पाशी. सुमारे साडेदहा मिनिटं, सहा मात्रांची संथ चाल, दादऱ्याच्या अंगाने झुलणारी. वाद्यवृंद तेच दोन कॉर्ड घोळवत राहतो, ब्राऊन एक ओळ टाकतो आणि थांबतो. त्या थांबण्यात प्रेक्षकांतल्या बायका उत्तर देतात, तो पुन्हा हाक घालतो. एका किंकाळीवर तर आख्खं थिएटर हसतं. गडकरी रंगायतनात रंगलेल्या प्रयोगात नटाचा पॉज प्रेक्षक झेलतात ना, तसंच हे. कीर्तन ऐकणाऱ्याला तर हे वेगळं समजवायलाच नको.

इथेच मूळ एलपीची मोठी अडचण आहे: हे गाणं दोन बाजूंवर तुटलंय. ऐन रंगात उठून तबकडी उलटायची. म्हणून पहिल्या ऐकण्याला सीडी किंवा स्ट्रीमिंग घ्या, तिथे ते सलग मिळतं. स्ट्रीमिंगवर क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात विरघळवणारी सोय) आणि शफल बंद हवं, नाहीतर गाण्यांमधले ब्रासचे सांधे चिरडले जातात. आवाज सारखा करणारी सोय चालू असेल तर तीही बंद करून बघा. नॉब पहिल्या गाण्यातल्या ड्रमवर लावा आणि मग हात लावू नका. ‘लॉस्ट समवन’च्या हळू भागात वाढवलात तर पुढची आरोळी कानठळ्या बसवते.

घोडबंदर रोडच्या बाजूची खिडकी असेल तर ती बंद करून जाड पडदा ओढा. प्रेक्षकांची कुजबुज ट्रॅफिकमध्ये पहिली बुडते. स्पीकर कोपऱ्यात भिंतीला टेकवले की बास घुमतो आणि ब्राऊनचा गळा मागे पडतो, तेव्हा निदान फूटभर पुढे घ्या. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच कपाटावर ठेवायचे नाहीत. कंपनं सुईत शिरतात आणि घूं असा आवाज सुरू होतो.

जुनी एलपी मिळाली तर विकत घेण्याआधी उजेडात तिरकी धरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात खाचांत पांढरे ठिपके धरतात, ती बुरशी. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात लिक्विड सोपचे दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, आणि खाचांच्या दिशेनेच फिरवायचं. मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने एकदा पुसा, पूर्ण वाळल्याशिवाय कव्हरात घालू नका, आणि उभीच ठेवा. आडव्या थप्पीत वजनाने वाकते. सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) पत्रकात लिहिलेलाच ठेवा, साध्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजला बहुधा २ ग्रॅमच्या आसपास. कमी ठेवला तर ब्रासच्या जोरदार फेकीवर आवाज फाटतो आणि दोष रेकॉर्डला लागतो.

एवढं जुळलं की दुसऱ्या बाजूची मेडली, म्हणजे गाण्यांच्या तुकड्यांची माळ, ऐका. ‘प्लीज, प्लीज, प्लीज’ने उघडते आणि फिरून त्याच गाण्यावर येते, मधे एकामागून एक तुकडे, आणि प्रत्येक तुकडा सुरू होताच तो ओळखून ओरडणारे लोक.