बाईच्या मापाची सायकल सीट: कुठली कुणाला सोसते?

किणये मागे टाकलं आणि पिरनवाडी यायच्या आधीच मी सायकलवरून उतरले. जांबोटीहून बेळगावला परतत होते. पाय दमले नव्हते, दमही लागला नव्हता. पण बसायच्या जागी आग होत होती आणि पुढचा नाजूक भाग इतका बधिर झाला होता की तिथं काही कळतच नव्हतं. बराच वेळ सायकल ढकलत चालले, तेव्हा मुंग्या येऊन हळूहळू जाण आली. त्या दिवशी सीटवर जाड जेलचं कव्हर होतं, मुद्दाम मऊ म्हणून घेतलेलं.

हे दुखणं बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. सवयीनं जाईल म्हणून चालवत राहतात, नाहीतर सायकल माळ्यावर जाते. मला दोन्ही नको होतं, म्हणून पुढचं वर्षभर मिळतील त्या सीटा मागून, बदलून वापरून बघितल्या. हे लिहायला कारण झालं ते आमची हिंडलग्याची वैनी. ती लेडीज सायकलवरून रोज गणपत गल्लीला बाजाराला येते, कधी साडीत, कधी ड्रेसवर. माझं दुखणं थांबलेलं बघून म्हणाली, "तुझ्यासारखीच सीट मला पण आण गं." तिला तीच सीट आणून दिली असती तर तिचे पैसे वाया गेले असते.

ते का, हे कळायला आधी हाडांचं बघायला हवं. आपण कठीण जागी बसतो तेव्हा खाली दोन हाडं टोचतात. सायकलवर सगळा भार या दोन हाडांवर पडायला हवा. बायकांची कंबर बाळंतपणाच्या सोयीनं रुंद घडलेली असते, त्यामुळे या हाडांमधलं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं. सीट अरुंद असली की हाडं दोन्ही कडांबाहेर लटकतात आणि भार मधल्या मऊ भागावर येतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबल्या की बधिरपणा येतो. सीट फार रुंद असली तर उलट होतं. मांड्या घासतात, जांघेत सोलतं.

माप घरीच घेता येतं. मी आंब्याच्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घेतला आणि पायरीवर ठेवला. पातळ पेटीकोट नेसून त्यावर बसले. पायाखाली दोन विटा घेतल्या, म्हणजे गुडघे वर आले आणि हाडं खाली नीट टेकली. पायरीची कड दोन्ही हातांनी धरून स्वतःला खाली ओढलं, अर्धा मिनिट तशीच राहिले आणि सरळ उठले. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडले होते. खडू आडवा करून वरून फिरवला तर खळगे कोरे राहिले आणि भोवती रंग चढला. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावली. माझं माप १३.२ सेंटिमीटर आलं. वैनी माझ्यापेक्षा अंगानं भरलेली, तिचं आलं ११.९. तीनदा मोजलं, तीनदा तेच. अंगाच्या आकारावरून हाडांचं अंतर सांगता येत नाही, म्हणून दुकानात कुणी नुसतं बघून सीट हातात दिली तर घेऊ नका.

या मापात किती मिळवायचं, ते तुम्ही सायकलवर कशा बसता त्यावर ठरतं. हँडल उंच आणि पाठ ताठ असेल तर ३ ते ४ सेंटिमीटर मिळवा, थोडं पुढं झुकत असाल तर २, आणि खाली वाकून वेगात चालवत असाल तर १ ते दीड. पुढं वाकलं की कंबर पुढं फिरते आणि टेकायची जागा पुढं सरकते. तिथं हाडं एकमेकांजवळ येत जातात, म्हणून रुंदी कमी लागते. आणखी एक, पाकिटावर लिहिलेली रुंदी ही टोकापासून टोकापर्यंतची असते. सीटच्या कडा गोलाकार उतरत असतील तर टेकायला मिळणारी सपाट जागा त्याहून बरीच कमी भरते. हातानं दाबून बघा.

आता एकेक सीट.

लेडीज सायकलबरोबर येणारी स्प्रिंगची, रेक्झिनची रुंद सीट आपल्याकडं सगळ्यांत जास्त पोरींनी वापरली असेल. २००६-०७ पासून कर्नाटकात आठवीच्या मुलींना सरकारी सायकली मिळायला लागल्या. गावाकडच्या किती पोरी हायस्कूलला तशा सायकलवर गेल्या, त्यांना ही सीट ओळखीची आहे. तिला नावं ठेवायचं कारण नाही. ताठ बसून चार-सहा किलोमीटर जायचं, वाटेत स्पीडब्रेकर आणि खड्डे, मागं कॅरिअरला पिशवी, एवढ्यासाठी हीच चांगली. ताठ बसलं की भार सरळ मागच्या रुंद भागावर उतरतो आणि गचका स्प्रिंग खाते. नाक, म्हणजे सीटचं पुढचं निमुळतं टोक, आखूड असल्यानं साडीच्या निऱ्याही अडकत नाहीत. पण याच सीटवर पुढं झुकून तासभर चालवलं तर रुंद कडा मांड्यांना घासत राहतात आणि पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला स्प्रिंग खालीवर होऊन जोर फुकट जातो. शिवाय रेक्झिनला एक चीर पडली की पावसाळाभर आतला स्पंज पाणी पिऊन बसतो. खानापूरच्या बाजूला राहणाऱ्यांनी ती चीर लगेच बुजवावी, नाहीतर सीट बदलावी. ओल्या स्पंजवर रोज बसून जांघेत खाज आणि पुरळ उठतंच.

जेलचं कव्हर मी कुणालाच सुचवणार नाही. मऊपणा हातानं दाबताना छान वाटतो. बसल्यावर हाडं त्यात रुततात, बाजूचा जेल मधे सरकून वर येतो आणि जिथं दाब नको तिथंच दाबतो. दहा-पंधरा मिनिटं कळत नाही, त्यानंतर कळतं. वर कव्हर सैल असेल तर ते सरकतं आणि कातडी सोलते. जांबोटीच्या वाटेवर माझं नेमकं हेच झालं.

मधे खाच किंवा भोक असलेली, घट्ट फोमची, मध्यम रुंदीची सीट मी शेवटी घेतली. आठवड्याला एखादी तीस-चाळीस किलोमीटरची फेरी करणाऱ्या, थोडं पुढं झुकणाऱ्या बहुतेक जणींनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. खाचेमुळे मधल्या भागाखाली काही राहत नाही आणि भार हाडांवर जातो. पहिले काही दिवस हाडांखाली ठणकतं. ते दुखणं वेगळं, दोन बोटांनी दाखवता येईल एवढ्याच जागी असतं, आणि दोन-तीन आठवड्यांत जातं. बधिरपणा मात्र सवयीनं जात नाही. तो आला तर सीट किंवा तिची बसवणूक चुकली आहे, एवढं पक्कं धरा.

सगळ्यांना खाच मानवते असंही नाही. आपली बाहेरची ठेवण प्रत्येकीची वेगळी असते. काही जणींचा मऊ भाग खाचेत उतरतो आणि खाचेच्या कडा त्याला काचतात, सूज येते. माझ्या एका मैत्रिणीचं तसंच झालं. तिला रुंद, उथळ खाच असलेली सीट सोसली. स्पेशलाइज्ड कंपनीनं यावर बायकांसाठी मिमिक नावाची रचना काढली. तिच्यात भोक नसतं, त्या जागी वेगवेगळ्या मऊपणाचे थर असतात. त्यांच्या सीटा १४३, १५५ आणि १६८ मिलिमीटर अशा रुंदीत येतात. किंमत जड आहे, पण रुंदी निवडता येणं हा फायदा खरा आहे. दुसऱ्या कुठल्याही कंपनीची घ्या, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन रुंदी मिळत असतील तर ती आधी बघा. नुसतं 'लेडीज' लिहिलेलं आणि गुलाबी रंग, यावर जाऊ नका. माझ्या मापाला १३.२ अधिक २, म्हणजे १५.२, तेव्हा साधारण १५ ते साडेपंधरा सेंटिमीटरची सीट लागते, आणि ती बायकांची का पुरुषांची हे तिच्यावर लिहिलेलं नसलं तरी चालतं.

आखूड नाकाची सीट २४-२५ सेंटिमीटर लांब असते, नेहमीची २७-२८. खाली वाकून वेगात जाणाऱ्या पोरींना ही फार सोयीची, कारण पुढं झुकल्यावर नाजूक भागाखाली टोकच येत नाही. पण तिच्यावर मागंपुढं सरकून जागा बदलायला वाव कमी. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढाला मला सारखं पुढं-मागं सरकावं लागतं, म्हणून मी ती ठेवली नाही. बिननाकाच्या सीटा पण मिळतात. त्यांच्यावर मांडीचा आधार जातो, हातांवर भार येतो आणि गर्दीत सायकल सावरणं अवघड होतं. रोजच्या रस्त्याला नको.

चामड्याच्या सीटबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण ती बघून मन जातंच. ब्रुक्स ही मूळची बर्मिंगहॅमची कंपनी, १८६६ ची. त्यांच्या बी-१७ सीटमध्ये फोम नसतोच. जाड चामडं लोखंडी चौकटीवर झोळीसारखं ताणलेलं असतं. बायकांसाठीची बी-१७ एस रुंदीला तेवढीच, सुमारे साडेसतरा सेंटिमीटर, पण नाक आखूड, एकूण लांबी २४ च्या आसपास. नवी असताना ती पाटासारखी कडक लागते. काहीशे किलोमीटर चालवल्यावर चामड्याला तुमच्या हाडांचे खळगे पडतात आणि मग ती तुमचीच होते. घाम धरत नाही, उन्हाळ्यात हे मोठं सुख. मैत्रिणीची मी महिनाभर चालवली, तिच्या खळग्यांत माझी हाडं बसेनात, तरीसुद्धा जेलपेक्षा बरं वाटलं.

अडचण पावसाची आहे. ओलं चामडं भारानं ताणतं आणि सीट मधे लवते, मग पुढचा नट आवळून ताण धरावा लागतो. आवळायलाही मर्यादा आहे. जूनपासून बेळगावात, आणि कणकुंबीच्या अंगाला तर त्याहून जास्त, चार महिने ओल असते. नुसतं पडून राहिलं तरी चामड्यावर बुरशी येते. त्यामुळे पावसाळ्यात सायकल बाजूला ठेवणारीनं, किंवा वरून प्लास्टिकची पिशवी आणि खालून मडगार्ड न चुकता लावणारीनंच चामड्याची घ्यावी. त्याच कंपनीची रबर आणि कापडाची कॅम्बियम सीट पावसाला चालते, तिला मुरवावं लागत नाही, पण ती चामड्याएवढी तुमच्या अंगाची होत नाही. वर्षभर रोज चालवणारीनं दोन्हींत निवडायचं झालं तर मी कॅम्बियम म्हणेन.

सीट घ्यायच्या आधी खालचा पाइप बघा. आपल्या जुन्या सायकलींना साधा गोल पाइप असतो आणि त्यावर सीटची पकड, म्हणजे सीट पाइपाला धरून ठेवणारा क्लॅम्प, वेगळी येते. गिअरच्या सायकलींना पकड पाइपलाच असते. नव्या सीटबरोबर बहुतेक वेळा खाली नुसत्या दोन सळ्या येतात, पकड येत नाही. जुनी पकड काढून ठेवा, फेकू नका.

चांगली सीटसुद्धा वाकडी बसवली तर दुखते. आधी उंची बघा. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यांत खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. सीट जास्त उंच असेल तर कंबर डावी-उजवी डोलते आणि मऊ भाग सीटच्या नाकावर घासत राहतो. मग तिरकेपणा. सीटवर एक सरळ पट्टी ठेवा आणि ती जमिनीला समांतर करा, फार तर नाक केसभर खाली. नाक वर असेल तर पुढून दाबतं, फार खाली असेल तर घसरून सगळा भार मनगटांवर येतो. हँडल सीटपेक्षा खाली असेल तर पुढचा दाब वाढतो, तेव्हा सीटवर पैसे घालण्याआधी हँडल वर करून बघा. हे फुकट होतं.

कपड्यांचं थोडक्यात. सलवारीला मियानी, म्हणजे दोन पायांमधला जोडतुकडा, हवी, नाहीतर चारी शिवणी एका जागी येऊन तिथंच रुततात. जीन्स नको. लांब फेरीला पॅड शिवलेली सायकलची शॉर्ट घाला आणि तिच्या आत निकर घालू नका, निकरच्या शिवणीच सोलतात. वर कुर्ता किंवा सैल पँट घातली की कुणाला कळतही नाही. पाळीत सॅनिटरी पॅडच्या कडा फार घासतात. पाळीचा कप वापरायला जमत असेल तर फरक लगेच कळतो, नाहीतर त्या दिवसांत फेरी लहान ठेवा. घरी आल्यावर घामाचे कपडे लगेच बदला. गाठ आली, किंवा उतरल्यावरही तासन्‌तास बधिर राहिलं, तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.

वैनीला घेऊन दुकानात गेले तेव्हा तिच्याकडं बघून दुकानदारानं सगळ्यांत रुंद स्प्रिंगची सीट काढून दिली. पट्टी लावली, २२ सेंटिमीटर भरली. ११.९ अधिक ४ म्हणजे १६ च्या आसपास तिला पुरत होतं. शेजारी १८ ची स्प्रिंगचीच होती, कडा जरा सपाट. ती घेतली. बसवताना मेस्त्रीनं नाक वर ठेवलं होतं. पाना मागून घेतला, दोन्ही बाजूंचे नट सैल केले, पट्टी ठेवून सीट सपाट केली आणि परत आवळली. वैनी तिथूनच सायकलवर बसून हिंडलग्याला गेली. रात्री फोन आला, "मांड्या घासल्या नाहीत गं. पण उजव्या बाजूचा नट जरा ढिला वाटतोय." चालवताना सीट पुढं-मागं डुलत असेल तर तो तसाच असणार, म्हणून सकाळी बाजाराला निघायच्या आधीच आवळून घे म्हटलं. पहिल्या आठवड्यात नवी पकड एकदा तरी सैल होतेच.