आजीची फ्लाइंग स्कूल की मोठी अ‍ॅकॅडमी? भाचीसाठी मांडलेला हिशोब

गोव्यातल्या साखळीची माझी भाची बारावी सायन्स झाली, मॅथ्स फिजिक्स दोन्ही आहे, आणि आता तिला पायलटच व्हायचंय. घरात दोन पार्ट्या पडल्यात. ताईला मोठी फ्लाइंग अ‍ॅकॅडमी, म्हणजे गोंदियाची एनएफटीआय नाहीतर अमेठी जिल्ह्यातल्या फुरसतगंजची सरकारी इग्रुआ हवी, आणि भाचीचा जीव अडकलाय अमेरिकेतल्या एका छोट्या शाळेत, जी एका बाईने सुरू केली आणि आता तिची मुलं-नातवंडं चालवतात. फोटो बघितले मी, जुनं सेसना आणि बाजूला पांढऱ्या केसांची हसणारी आजी, कोणीही भुलेल. मला विचारतात कारण पुतण्याचं सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, मी जवळून बघितलंय, कर्जाच्या कागदावर गॅरंटर म्हणून माझीच सही आहे.

आधी आजीचा मुद्दा, कारण तो फालतू नाहीये. बाईने उभ्या केलेल्या घरच्या शाळेचं मला माहीत असलेलं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं स्टिन्सन कुटुंब. थोरली कॅथरीन, तिला खरं तर संगीत शिकायला युरोपला जायचं होतं, त्यासाठी पैसे हवेत म्हणून विमान शिकली आणि १९१२ मध्ये लायसन्स मिळवणारी अमेरिकेतली चौथी बाई झाली, संगीत राहिलं बाजूला. धाकटी बहीण मार्जोरी, तिने १९१४ मध्ये लायसन्स घेतलं. धंदा बघायला आई एमा, भाऊ एडी पण त्याच लायनीत. कॅथरीन एअर शो करत जपान-चीनपर्यंत फिरायची आणि शाळेत शिकवायची मार्जोरी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नेव्हीच्या हवाई दलात जायला लायसन्स हवं म्हणून कॅनडाची पोरं तिच्याकडे यायला लागली, ऐंशीच्या वर पोरं तिने तयार करून पाठवली, आणि तेव्हा ती स्वतः जेमतेम विशीची. आमच्याकडे त्या वयाच्या पोरीला स्कूटर घेऊन म्हापशाला एकटी सोडायची की नाही यावर मीटिंग बसते.

पण पुढचं पण ऐकायला हवं. अमेरिका युद्धात उतरली, खाजगी उड्डाणांवर बंदी आली आणि शाळा संपली, जेमतेम दोन वर्षं चालली असेल. मैदान उरलं, आज तिथे स्टिन्सन म्युनिसिपल एअरपोर्ट आहे. कॅथरीन टीबीमुळे उडणं सोडून सांता फेला गेली आणि आर्किटेक्ट झाली. म्हणजे नाव आणि फोटो शंभर वर्षं टिकतात, शाळा टिकेलच असं नाही. गोव्यात घरगुती खानावळीचं बघतोच की आपण, गल्ल्यावर ती बाई बसते तोवर हुमण एक नंबर, मग मुलगा येतो, बोर्ड नवा होतो, आजीचा हार घातलेला फोटो तोच असतो आणि मासा कालचा.

मग वारसा ओळखायचा कशावरून? माझ्या मते हँगरवरून, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडवरून. कॅथरीनचा गुरू मॅक्स लिली १९१३ मध्ये विमान पडून गेला, आणि ही बाई उडायच्या आधी विमानाची वायर न वायर तपासायची म्हणून ओळखली जायची. ती सवय नातवंडांच्या हाताला लागलीय का ते बघायचं, भिंतीवरच्या फोटोला काय करायचंय.

पुतण्याचं हेच झालं. त्याची पण छोटी फॅमिली स्कूल होती, नाव घेत नाही, ऑफिसात फोटो, कप, मेडलं सगळं. कागदावर तीन विमानं आणि उडणारं एक, कारण एकाच्या इंजिनाचा पार्ट येतोय येतोय करत तीन महिने गेले आणि दुसऱ्याचे सुटे भाग हळूहळू पहिल्याला लागत होते. पोरगा रोज सकाळी युनिफॉर्म घालून बसायचा आणि दुपारी कॅरम खेळून परत. इन्स्ट्रक्टर मात्र सोन्यासारखा, अजून फोन करतो त्याला.

आता पैशाचं, कारण भाचीला वाटतं छोटी शाळा म्हणजे स्वस्त. डीजीसीए, म्हणजे आपलं सरकारी विमान खातं, त्याच्या सीपीएलला उडण्याचे २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. आठवड्याला ३ तास मिळाले तर ६७ आठवडे, ६ तास मिळाले तर ३४. समज ५० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी काढलं तर महिन्याला ४६ हजारांच्या आसपास नुसतं व्याज, म्हणजे तासाचा रेट कमी म्हणून खूश झाली आणि विमान हँगरात राहिलं तर त्या जादा आठ महिन्यांत साडेतीन लाखांहून जास्त गेले आणि लॉगबुकात त्याचा एक मिनिट नाही.

अमेरिकेचं आणखी एक लफडं आहे. तिकडे फ्लाइंग स्कूलचे पार्ट ६१ आणि पार्ट १४१ असे नियमांप्रमाणे दोन प्रकार, कमर्शियल लायसन्सला पहिल्यात २५० तास, दुसऱ्यात १९०. छोट्या घरच्या शाळा बऱ्याचदा पार्ट ६१ वाल्या, आणि परदेशी स्टुडंटला व्हिसासाठी लागणारा आय-२० नावाचा फॉर्म द्यायची परवानगी प्रत्येक शाळेला नसते, त्यामुळे आजी कितीही गोड असली तरी पहिला प्रश्न तोच. परत आल्यावर इथले डीजीसीएचे पेपर आणि लायसन्स कन्व्हर्जन आहेच, ते चुकत नाही.

मोठ्या अ‍ॅकॅडमीत काय, तर विमानं जास्त, ग्राउंड क्लास म्हणजे थिअरी तिथेच, हॉस्टेल तिथेच, डीजीसीएचे पेपर सोबतच्या पोरांबरोबर दिले जातात. इग्रुआ १९८५ पासूनची आहे, नाव आहे. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतलं धुकं म्हणजे आपल्या जुलैसारखंच, आकाश बंद. गोंदियाला पावसाळा आहेच. आणि तिथे तू एक रोल नंबर, इन्स्ट्रक्टर मध्येच बदलतो, नवा आला की तुझं लँडिंग पुन्हा पहिल्यापासून बघतो. एअरलाइनचे कॅडेट प्रोग्राम मी धरलेच नाहीत, कोटीच्या घरातला आकडा ताईला झेपणार नाही.

मग भाचीला माझं मत. कर्ज काढून शिकायचं असेल तर अ‍ॅकॅडमी, डोळे झाकून नाही, तिथे सध्या शिकणाऱ्या दोन पोरांना फोन करून, गेल्या महिन्यात किती तास उडालास एवढंच विचारून. घरची शाळा तेव्हाच, जेव्हा आय-२० मिळतो आणि विमानांपेक्षा पोरं फार जास्त नाहीत. पहिला सोलो म्हणजे एकटीने पहिल्यांदा उडणं, भीती जाणं, हे छोट्या शाळेत जास्त चांगलं होतं असं मला मनापासून वाटतं, पण २०० तास म्हणजे नुसता पहिला सोलो नाही ना बाय. आणि काहीही ठरव, क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटची तब्येत तपासणी, आधी काढ, अ‍ॅडव्हान्स नंतर भर.

बाईने काढलेली शाळा म्हणून मुलींना सोपं जाईल हे भाचीचं लॉजिक मला फारसं पटत नाही. पायलट सौदामिनी देशमुख १९८५ मध्ये कलकत्त्याहून सिलचरला सगळ्या बायकांचा क्रू घेऊन गेल्या तेव्हा कोणी आजीची शाळा मागे नव्हती, इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान होतं.

तरी तिला चार प्रश्न लिहून दिले, किती विमानं आज उडतायत, किती स्टुडंट, मेकॅनिक तुमचा की बाहेरचा, आय-२० देता का. ईमेल गेलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री आजीच्या नातवाने स्वतः व्हिडिओ कॉल केला, मोबाईल घेऊन हँगरात फिरला आणि आम्ही न विचारताच एका विमानाकडे दाखवून म्हणाला, हे ऑक्टोबरपर्यंत ओव्हरहॉलला आहे, धरू नका. आय-२० चं विचारून सांगतो म्हणाला. ताई अजून गोंदियावरच ठाम आहे, मी पण, पण काल पहिल्यांदा तिने विचारलं की तिकडे थंडी किती असते.