स्टेम सेलने किडनी नवीन करून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा, ठाण्यातला अनुभव

माझ्या दाजींचे चार लाख ऐंशी हजार रुपये गेलेत आणि पैशापेक्षा मोठं नुकसान झालंय ते वेगळंच, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. क्लिनिकचं नाव देत नाही, ग्राहक आयोगात केस चालू आहे आणि वकिलांनी नाही सांगितलंय. घोडबंदर रोडला कापूरबावडीच्या पुढे होतं एवढंच सांगतो, आता त्या गाळ्याला कुलूप आहे.

दाजींचं वय ५५, वागळे इस्टेटच्या कंपनीतून व्हीआरएस घेतलेली, शुगर जुनी आणि त्यातून किडनीवर परिणाम. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, वाढला म्हणजे किडनी कमी काम करतेय) ३.९, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज, कमी म्हणजे वाईट) १७. नेफ्रॉलॉजिस्टने, म्हणजे किडनीच्या डॉक्टरने, अगदी स्पष्ट सांगितलेलं की डायलिसिस आज लागत नाहीये पण लागणार आहे, तेव्हा हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी शीर आणि धमनी जोडायचं ऑपरेशन) आत्ताच करून ठेवा, तो तयार व्हायला दीड-दोन महिने जातात, आणि घरात कोणी किडनी द्यायला तयार असेल तर टेस्टिंग सुरू करा. ताई तयार होती. तिचा ब्लड ग्रुप जुळलेला, पुढच्या तपासण्या चालू होत्या. म्हणजे गाडी रुळावर होती.

मग ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मोफत किडनी तपासणी शिबिर झालं. मोफत म्हणजे बोटाला टोचून शुगर, बीपी, आणि एक फॉर्म ज्यात मोबाईल नंबर आणि "सध्या कुठे ट्रीटमेंट चालू आहे" हे भरायचं. दुसऱ्या दिवसापासून फोन. पेशंट कोऑर्डिनेटर म्हणून एक मुलगी बोलायची, इतकं गोड की दाजी तिला बेटा म्हणायला लागले. "काका, एकदा डायलिसिसच्या खुर्चीत बसलात की मग उठणं नाही, तुम्ही वेळेत आलात." बस, हे एक वाक्य पुरलं. डायलिसिसची भीती काय असते ते घरात पेशंट असलेल्यांना सांगायला नको, हे लोक तीच भीती विकतात.

मी ऐरोलीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणून मला मुद्दामच सांगितलं नव्हतं, मी खोड काढणार असं दाजींना वाटलं. मला कळलं तेव्हा स्टेम सेलच्या (म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशींच्या) ड्रिपच्या तीनपैकी दोन फेऱ्या, त्यांच्या भाषेत "सायकल", होऊन गेलेल्या आणि पैसे तर सगळे आधीच भरलेले, त्यातले तीन लाख क्लिनिकच्या टेबलवरच फायनान्स कंपनीचा माणूस बसवून लोन करून.

पटवलं कसं ते सांगतो, कारण इथेच शिकलेली माणसं पण फसतात. त्यांनी खोटं संशोधन दाखवलंच नाही, खरं दाखवलं. टीव्हीवर २०११ चा एक व्हिडिओ लावायचे, त्यात अमेरिकेतले डॉ. अँथनी अटाला स्टेजवर थ्रीडी प्रिंटरने बनवलेली किडनी हातात धरून दाखवतात. व्हिडिओ खरा आहे, डॉक्टर खरे आहेत, पण ती किडनीच्या आकाराची रचना होती, काम करणारी किडनी नव्हती, ती कुठल्याही माणसात बसवलेली नाही. त्याच अटालांच्या टीमने पेशंटच्याच पेशींपासून लॅबमध्ये मूत्राशय वाढवून सात मुलामुलींना बसवला, ते २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं, तेही खरं. क्लिनिकवाले म्हणायचे मूत्राशय होतो तर किडनी का नाही होणार. अहो मूत्राशय ही पोकळ पिशवी आहे, किडनीत प्रत्येकी साधारण दहा लाख नेफ्रॉन म्हणजे बारीक गाळण्या, प्रत्येकाला स्वतःचा रक्तवाहिन्यांचा गुच्छ, प्रत्येकाची नळी पुढे जोडलेली. आणि माणसाचे सगळे नेफ्रॉन आईच्या पोटात असतानाच, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत बनून होतात, जन्मानंतर एकही नवीन बनत नाही. ऑस्ट्रेलियात मेलिसा लिटल यांच्या टीमने २०१५ मध्ये स्टेम सेलपासून किडनीचे ऑर्गनॉइड बनवले, ते काम मोठंच आहे, पण ते डिशमधले इवलेसे गोळे, गर्भातल्या किडनीसारखे, त्यातून लघवी बाहेर जायला वाट नाही. अमेरिकेत एक कंपनी पेशंटच्या किडनीचा तुकडा बायोप्सीने काढून त्यातल्या पेशी वाढवून परत किडनीतच टोचते, तेही अजून ट्रायलमध्ये आहे. आणि आमच्या घोडबंदरला मात्र हे पॅकेजमध्ये मिळत होतं, वर पत्रकात प्रोस्टेट कमी होणार, मुतखडा विरघळणार, लघवीचे सर्व आजार एकाच ड्रिपने. असो.

आता ड्रिपचं. दाजींनी हौसेने बाटलीचा फोटो काढला होता, तो मी मोठा करून बघितला. छोटी काचेची व्हायल, त्यावर पांढऱ्या स्टिकरवर निळ्या मार्करने "एमएससी ५० एम" (एमएससी म्हणजे स्टेम सेलचा एक प्रकार) एवढंच. बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही. साधी क्रोसिनची स्ट्रिप घेतली तरी हे सगळं त्यावर असतं! बाजूला थर्माकोलचा डबा आणि त्यात वितळलेला जेल पॅक. जिवंत पेशी साठवायच्या तर लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ डिग्रीला ठेवतात. त्या व्हायलमध्ये नक्की काय होतं ते आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. आणि समजा खऱ्या पेशी असत्या तरी हाताच्या शिरेतून सोडलेल्या या पेशी बहुतेक फुफ्फुसातच अडकतात, किडनीपर्यंत फार थोड्या पोचतात. बरं थेट किडनीत टोचल्या तर? थायलंडमध्ये एका खाजगी क्लिनिकने ल्युपस या आजाराने किडनी खराब झालेल्या बाईंना तसं केलं होतं, त्यांच्या किडनीत विचित्र गाठी झाल्या, ती केस २०१० मध्ये किडनीच्या जर्नलमध्ये छापलेली आहे.

तर पहिल्या सायकलनंतर क्रिएटिनिन ३.९ वरून ३.१ आलं आणि घरात पेढे वाटले. मला तो रिपोर्ट दाखवून दाजी म्हणाले, "बघ, तुझ्या लॅबवाल्यांना सांग." आकडा खरा होता, त्यात फेरफार नव्हता. पण तो खाली आला कसा ते ऐका. एक तर मटण, बोंबील सगळं बंद करून मुगाच्या पाण्यावर ठेवलेलं, शिजवलेल्या मटणातून पण क्रिएटिनिन येतं आणि स्नायू झिजले की ते बनतंच कमी, दाजींचं वजन बघून ताई आधीच घाबरलेली. दुसरं, सॅम्पल घेतलं सलाइन चढवल्यावर. तिसरं, लॅब बदललेली, दोन्हींची क्रिएटिनिन मोजायची पद्धत वेगळी, दोन पद्धतीत फरक पडतोच, दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून सुधारणा झाली म्हणायचं नसतं, हे मी रोज पेशंटला सांगतो.

आणि चौथं, सगळ्यात नालायकपणाचं. "ॲलोपॅथीच्या गोळ्यांनीच किडनी खराब होते" म्हणून टेल्मिसार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन दोन्ही बंद करायला लावल्या. या गोळ्या किडनीतल्या गाळणीवरचा दाब कमी करतात, त्यामुळे सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं आणि बंद केल्या की थोडं उतरतं. दिसायला सुधारणा, आत गाळणीवर पुन्हा पूर्ण दाब. त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर लघवीतलं प्रोटीन आधीच्या दुप्पट झालेलं होतं. ते पान कोणी उलटलंच नाही, कोऑर्डिनेटरने पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली टाळ्यांचे इमोजी. कोणी तुम्हाला किडनी सुधारली म्हणून आकडा दाखवला तर लघवीतला अल्ब्युमिन (एक प्रोटीन) आणि रक्तातलं सिस्टॅटिन सी (किडनीचीच दुसरी तपासणी) मागा, सिस्टॅटिनवर मटण खाण्या न खाण्याचा आणि स्नायूंचा तसा परिणाम होत नाही.

फिस्टुलाचं ऑपरेशन रद्द केलं, किडनी जागी होतेय मग हाताला कशाला चिरा. ताईचं टेस्टिंग पण थांबवलं. वर प्रत्येक ड्रिप डाव्या हाताला, जो हात फिस्टुलासाठी राखून ठेवायचा असतो, ज्यातून रक्त पण काढू देऊ नका असं नेफ्रॉलॉजिस्टने बजावलेलं, त्याच हातात सुया टोचून टोचून शिरा घट्ट दोरीसारख्या करून ठेवल्या.

तिसरी सायकल झाली आणि त्याच आठवड्यात रात्री दाजींना आडवं होता येईना, दम लागायला लागला, पाय सुजून टम्म. बीपी १९० च्या वर. क्लिनिकला फोन केला तर म्हणे "हीलिंग क्रायसिस आहे, पेशी काम करतायत." शेजारच्या मुलाने गाडी काढली म्हणून वेळेत पोचलो. क्रिएटिनिन ६.८, छातीत पाणी, आणि फिस्टुला नसल्यामुळे मानेत कॅथेटर टाकून इमर्जन्सी डायलिसिस. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा चालू आहे. आजार वाढणारच होता, डायलिसिस कधीतरी लागणारच होतं, ते मला मान्य आहे, पण तयारीने लागणं आणि असं मानेत नळी घालून लागणं यात खूप फरक आहे, आणि कदाचित थेट ट्रान्सप्लांटला जाता आलं असतं तो चान्स गेला. फिस्टुला शेवटी उजव्या हाताला करावा लागला. ताईचं टेस्टिंग पुन्हा पहिल्यापासून, कारण दुसऱ्या कोणाच्या पेशी शरीरात गेल्या असतील तर अँटीबॉडी तयार झालेल्या असू शकतात, म्हणून क्रॉसमॅच (दाजींचं शरीर ताईची किडनी नाकारेल का ती तपासणी) परत.

एक राहिलंच. पत्रकावर एका आजोबांचा फोटो होता, क्रिएटिनिन ५ च्या वरून १.४. त्यांना शोधून भेटलो, आमच्याच भागातले निघाले, माणूस अगदी साधा. त्यांच्या किडनीला मुळात काही झालंच नव्हतं, प्रोस्टेट वाढून लघवी तुंबलेली आणि त्याचा ताण मागे किडनीवर. युरोलॉजिस्टने कॅथेटर टाकलं, मग ऑपरेशन केलं, तुंबलेलं मोकळं झालं आणि क्रिएटिनिन आपोआप उतरलं. क्लिनिकमध्ये ते त्यानंतर गेलेले, गुडघ्यासाठी! पावसाळ्यात लेप्टोच्या तापाने किडनी बसते आणि काही आठवड्यात परत चालू होते, त्यातही नळीच्या आतल्या पेशी स्वतःच दुरुस्त होतात, ते पण हे लोक स्वतःच्या नावावर खपवतात. बरे झालेले पेशंट दाखवले तर आधी विचारा त्यांना आजार काय होता, ॲक्यूट (अचानक झालेला) होता की क्रॉनिक (हळूहळू वाढलेला).

नियम काय आहे तर आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि बायोटेक्नॉलॉजी विभागाची २०१७ ची गाइडलाइन आहे, रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरो वगैरे सोडलं तर स्टेम सेलचा कुठलाही वापर फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचा. ट्रायलमध्ये पेशंटकडून त्या औषधाचे पैसे घेत नाहीत, पॅकेज सांगितलं की तिथेच उठायचं. मी विचारल्यावर त्यांनी रुबाबात सीटीआरआयचा (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर दिला. साइटवर टाकला तर तो पायाच्या जखमेच्या ट्रायलचा निघाला, दुसऱ्याच शहरातल्या कॉलेजचा. आणि खरा नंबर असला तरी नुसतं रजिस्ट्रेशन म्हणजे परवानगी नाही, सीडीएससीओची (केंद्राची औषध नियंत्रण संस्था) आणि एथिक्स कमिटीची मंजुरी बघायला मागा. १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्यात मुतखडा, प्रोस्टेट, ब्राइट्स डिसीज (किडनीच्या आजाराचं जुनं नाव) बरा करतो अशी जाहिरातच करता येत नाही, म्हणजे ते पत्रक हाच पुरावा आहे.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे बाटलीच्या फोटोसकट तक्रार दिली आहे आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली आहे. क्लिनिकवाल्यांचं उत्तर आलंय की हा उपचार नव्हताच, पावतीवर "वेलनेस पॅकेज" लिहिलंय आणि पेशंटची सही आहे. फॉर्म चार पानी इंग्रजीत होता आणि सही मागितली तेव्हा दाजींच्या हाताला ड्रिप चालू होती. फायनान्स कंपनीचा हप्ता अजून कापला जातोय, क्लिनिक बंद झालं हे त्यांना कळवलंय, ते म्हणतात तुमचा आणि क्लिनिकचा प्रश्न.

सानपाड्याला वेगळ्या नावाने असंच शिबिर लागल्याचं एका ओळखीच्यांनी सांगितलं, पत्रक पाठवलं, त्यावर तेच गुडघेवाले आजोबा आहेत. तुमच्यापैकी कोणी घोडबंदरला पैसे भरले असतील तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, पाच लाखांपर्यंत भरलेले असतील तर फी लागत नाही. पावती, पत्रक, व्हॉट्सॲपचे मेसेज, बाटलीचा फोटो काही डिलीट करू नका, आणि बंद करायला लावलेल्या गोळ्यांचं आधी तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टला आजच सांगा, केस नंतर करा.