पर्यावरणशास्त्राची पदवी: सल्लागार कंपनी की प्रदूषण मंडळ?

सल्लागार कंपनीत काम तुलनेनं लवकर मिळतं. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण आघात मूल्यांकनाचा, म्हणजे परिसरावर काय परिणाम होईल याचा, अहवाल लागतो; तो या कंपन्या बनवतात. त्यासाठी लागते पावसाळा सोडून एका हंगामाची हवा-पाणी-मातीची आकडेवारी. म्हणजे नव्या पोरांनी उन्हातान्हात गावोगाव नमुने गोळा करायचे, रात्री तक्ते भरायचे. शिकायला भरपूर मिळतं; पण पैसे मोजणारा प्रकल्पवालाच, ही बोच राहते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळात तुमच्यामागे १९७४ चा जल आणि १९८१ चा वायू कायदा उभा असतो. पगारही पक्का. फक्त भरती कधी निघेल याचा नेम नाही. मी तरी तोवर सल्लागाराकडे चपला झिजवीन.

गंमत म्हणजे प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकणाऱ्या जनसुनावणीला दोघं एकाच मांडवात असतात: सल्लागार अहवाल मांडतो, मंडळाचा माणूस लोकांच्या हरकती लिहून घेतो.