तीन पावसाळे पाहिलेले पडदे

दादर पश्चिमेला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, हातमागाच्या सुती कापडाचे पडदे, पलंगपोस आणि अभ्रे शिवून देणारे एक छोटे दुकान आहे. तेथून घेतलेल्या वस्तू तीन वर्षे वापरून झाल्यावरच त्यांच्याविषयी लिहायचे, असे मी ठरवले होते. कारण अशा कापडाचा कस दुकानातल्या दिव्याखाली लागत नाही, तो पश्चिमेच्या खिडकीतल्या दुपारच्या उन्हात आणि जुलैच्या दमट हवेत लागतो.

दुकानात रंग मोजकेच ठेवतात: निळीचा निळा, मंजिष्ठेचा विटकरी, हळदीचा पिवळा, हिरडा आणि लोखंड यांच्या संयोगातून येणारा करडा, आणि न रंगवलेल्या कापसाचा सायीसारखा पांढरा. सुरुवातीला ही निवड मला अपुरी वाटली होती. परंतु पडद्यांनंतर दोन वर्षांनी घेतलेले अभ्रेही त्यांच्याशी सहज जुळले, आणि आमचे जुने सागवानी कपाट व मोझॅकच्या लाद्या यांच्याशी यांतला एकही रंग भांडत नाही, हे पाहिल्यावर त्या संयमाचे मोल कळले.

निळीच्या पिंपातून काढलेले कापड आधी हिरवट-पिवळे दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. गडद छटेसाठी ते पुन्हा पुन्हा बुडवावे लागते. माझे पडदे अशाच गडद छटेचे होते. उन्हाने ते आता फिकटले आहेत, पण फिकटूनही निळेच राहिले आहेत. त्यांच्यावर कळकट, उदास झाक आलेली नाही. 1897 पासून बाजारात असलेल्या कृत्रिम निळीतही मुख्य रंगद्रव्य तेच असते, त्यामुळे केवळ वनस्पतीपासून काढली म्हणून ही नीळ अधिक टिकते, असे मी म्हणणार नाही. मला खरे समाधान देतो तो कापडाचा पोत: मध्येच जाडसर होणारा हातसुताचा धागा, आणि प्रत्येक धुण्यानंतर वाढत गेलेला मऊपणा. पडद्यांना झालर नाही, नक्षी नाही. खाली चार बोटे रुंद दुमड आणि हाताने घातलेली बारीक शिवण, एवढेच.

दोन तक्रारी मात्र नोंदवल्याच पाहिजेत. सात फुटी पडदे पहिल्या धुण्यात जवळजवळ तीन इंच आटले. कापड आधी भिजवून मगच शिवायला हवे होते, निदान तशी कल्पना तरी द्यायला हवी होती. सुदैवाने दुमड रुंद असल्यामुळे ती उसवून लांबी भरून काढता आली. हळदीत रंगवलेला पिवळा अभ्रा तर चार महिन्यांत उडाला. हळदीचा रंग उन्हात तग धरत नाही, हे रंगाचे काम करणाऱ्याला ठाऊक असते. पिवळाच द्यायचा तर डाळिंबाच्या सालीचा मातकट पिवळा द्यावा.

एका पडद्याला मी 2,400 रुपये मोजले. ही रक्कम लहान नाही, तरीही येत्या दिवाळीला करड्या रंगाचा पलंगपोस याच दुकानातून घेणार आहे, आणि कापड आधी भिजवून घ्या, असे मागणी नोंदवतानाच सांगणार आहे.