कच्छला निघण्याआधी पडून गेलेला पाऊस कुठे बघायचा: अ‍ॅप, तालुक्याचा तक्ता की सॅटेलाइट?

दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढून कच्छ करायचं तर धोरडोचं, म्हणजे पांढऱ्या रणात जायचं परमिट, भुजहून खावडा, तिथून रणातल्या रस्त्याने धोळावीरा वगैरे सगळ्यांना तोंडपाठ असतं, त्यात शिरत नाही. प्रश्न एवढाच की रण, म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारं ते मिठाचं सपाट मैदान, वाळलंय का. पाऊस पुढे किती पडणार हे सांगायला शंभर जण तयार असतात, पण मागच्या तीन आठवड्यांत नक्की कुठे किती पडून गेला हे विचारलं की सगळे गप्प.

हवामान खात्याचे जिल्हावार आकडे बघायला सोपे आणि विश्वासाचे, पण कच्छसाठी त्यांचा उपयोग कमीच. देशातला सगळ्यात मोठा जिल्हा हा, ४५ हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आत बारा गोवे मावतील, आणि त्या सगळ्याची मिळून एक सरासरी. खाली समुद्राकाठी मांडवीला धो धो आणि वर रणाच्या काठाला टिपूस नाही, असं असलं तरी आकडा एकच. त्यामुळे माझ्यासाठी खरी लढत उरली ती फोनमधलं अ‍ॅप आणि गुजरात सरकारचा तालुकावार तक्ता यांच्यात.

अ‍ॅपचं नाव घेत नाही, कारण बहुतेकांचं तेच असावं. दिसायला एकदम झकास, गावाचं नाव टाका, मागच्या तारखा सरकवा, निळे खांब तयार. मी खावडा टाकलं, मग धोळावीरा टाकलं, मध्ये अख्खं रण पसरलंय तरी दोन्हीकडे दशांशापर्यंत तोच आकडा! एका दिवसाचा योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, पण मागे मागे जात राहिलो तर रोज तेच. वर जवळजवळ रोज थोडा थोडा रिमझिम दाखवतंय, आपल्या कोकणात पडावा तसा. कच्छचा पाऊस असा पडतच नाही हो, दोन-चार दिवसांत सगळा ओतून मोकळा होतो आणि मग कोरडं ठणठणीत. होमस्टेवाल्या भाईंना फोन केला तर म्हणाले, "इधर तो एक छांटा भी नहीं पडा." म्हणजे हा मोजलेला पाऊस नव्हताच, कुठल्यातरी मॉडेलने काढलेला अंदाज होता, फक्त मागच्या तारखेचा. तसं स्पष्ट लिहिलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती, पण अंदाज आणि मोजमाप एकाच रंगाच्या खांबात दाखवायचं म्हणजे बघणाऱ्याने करायचं काय? माझं मन तिथेच उडालं.

तालुक्याचा तक्ता दिसायला अगदी रुक्ष. राज्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाची पीडीएफ, भुज, भचाऊ, रापर, लखपत, अबडासा अशी कच्छच्या दहा तालुक्यांची नावं, पुढे तीस वर्षांची सरासरी, कालपर्यंतचा पाऊस, चोवीस तासांतला पाऊस, एकूण आणि टक्केवारी. पण शून्य म्हणजे शून्य, कुणीतरी खरंच मोजलेलं. त्रास यातही आहेच. खावडा येतं भुज तालुक्यात आणि धोळावीरा भचाऊमध्ये, आणि ही तालुक्याची गावं बरीच खाली, त्यामुळे आकडा दक्षिणेकडचा असतो आणि खडीर बेटावर, म्हणजे धोळावीरा जिथे आहे तिथे, काय झालं ते तुम्हालाच ताडावं लागतं, मी आजूबाजूचे रापर आणि लखपतही बघतो. आणि हा तक्ता सकाळी सहा ते सहाचा, हवामान खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठचा, म्हणजे आजच्या तारखेखाली लिहिलेला पाऊस बहुतेक कालचाच. दोन्हीकडचे आकडे एकमेकांत मिसळू नका, नाहीतर एकच सर दोनदा मोजली जाते.

सॅटेलाइटवाल्यांचं म्हणणं असतं की नासाचा आयमर्ग, म्हणजे उपग्रहांवरून काढलेला पावसाचा डेटा घ्या, साधारण दहा किलोमीटरचा चौकोन, दर अर्ध्या तासाला. चांगला आहे, पण वाळवंटी हवेत पाऊस जमिनीवर पोचायच्या आधीच हवेत सुकतो आणि तोही कधीकधी मोजला जातो, त्यामुळे छोट्या सरींसाठी मी तरी त्याच्या भरवशावर निघणार नाही. मोठा पाऊस कुठून कुठे सरकला हे मात्र त्यात मस्त दिसतं.

छोट्या रणात, म्हणजे रानगाढवं बघायला जाणार असाल तर नुसतं कच्छ बघून भागत नाही. तिथे बनास नदीचं पाणी येतं, अरवलीकडून, तेव्हा बनासकांठा आणि पलीकडे राजस्थानातलं सिरोहीही बघून ठेवा. लुणी नदी तर अजमेरजवळून निघून रणात येते.

ज्यांना चटकन एक नजर टाकायची आहे त्यांना अ‍ॅप पुरेल कदाचित, डांबरी रस्ता सोडायचाच नसेल तर काही बिघडत नाही. टेंट रणाच्या काठाला लावायचा असेल तर मी तक्ताच उघडेन, सप्टेंबरचे शेवटचे पंधरा दिवस एकेक करून. ऑक्टोबरनंतर मात्र सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाचे फुकट फोटो बघा, पाच दिवसांनी नवा येतो आणि तोपर्यंत ढगही गेलेले असतात.