ओम्नीतला पेट्रोलचा वास आणि मिरजोळ्याचे गॅरेज

आमची मारुती ओम्नी २००८ सालची, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) इंजिनाची आहे आणि रत्नागिरीची खारी हवा खालच्या पत्र्याला लागायची ती लागली आहे. फेब्रुवारीत गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला आणि मार्चमध्ये अंगणातल्या लादीवर रुपयाएवढा ओला डाग दिसू लागला. हंगामात याच गाडीतून आम्ही आंबा घाटाने कोल्हापूरला हापूसच्या पेट्या नेतो, आणि पेटीतल्या गवताला पेट्रोलचा वास लागला की माल कितीही चांगला असो, भाव पडतोच.

आधी शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथे गळतीवर अंगाचा साबण चोळून, वर दोन रंगांचे गोळे एकत्र मळून लावतात ती लांबी थापून देण्यात आली. साबण पेट्रोलमध्ये सहसा विरघळत नाही, त्यामुळे वाटेत अडकल्यावर घर गाठण्यापुरता तो उपाय चालतो, हे खरे. पण पेट्रोलने ओल्या झालेल्या पत्र्यावर लांबी धरत नाही. आठव्या दिवशी ती खपलीसारखी सुटून हातात आली. वास तर एक दिवसही थांबला नव्हता.

मिरजोळे एमआयडीसीतल्या ज्या गॅरेजबद्दल हे लिहीत आहे, तिथल्या मिस्त्रींनी गाडीखाली वाकण्याआधी एकच प्रश्न विचारला : "काका, टाकी फुल्ल केल्यावरच वास येतो, की रिझर्व्हला असतानाही?" टाकी भरल्यावर दोन दिवस आणि घाटात चढाला वास जास्त असतो, असे सांगताच ते म्हणाले, "मग गळतंय खालून आणि वास येतोय वरून. दोन वेगळी दुखणी आहेत." माझ्या मते साऱ्या कामाचे मोल या एका वाक्यात होते, कारण तोवर सगळे जण, मीही, एकाच भोकाचा विचार करत होतो.

गाडी त्यांनी शेडबाहेर उघड्यावर घेतली, बॅटरीची वायर सोडली, पेट्रोल काढून घेतले आणि मगच टाकी उतरवली. ही काळजी अनाठायी नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून राहते, आणि ओम्नीचे इंजिन तर पुढच्या सीटांखालीच असते. टाकीच्या माथ्यावर, फ्लोअर आणि पत्र्याच्या फटीत, कित्येक पावसाळ्यांचा लाल चिखल बसला होता. तो खरवडल्यावर झाकणाचे पॅकिंग दिसले, कडक आणि चिरलेले. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीकडे जाणारा रबरी नळा त्यांनी माझ्यासमोर वाकवून दाखवला, तर वाकल्या जागी आंब्याच्या सालीसारख्या बारीक भेगा उघडल्या. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर लवकर जाते, असे मिस्त्रींचे म्हणणे पडले; ते खोटे नसेल, पण माझ्या नळ्याला त्याचे वयच पुरेसे होते.

वासाचे तिसरे कारण मात्र माझेच निघाले. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही मी "अजून थोडं, गळ्यापर्यंत" म्हणत पेट्रोल भरून घेत असे. टाकीतली वाफ ज्या नळीने कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे वाफ शोषून धरणाऱ्या डब्यात, जाऊन तिथून इंजिनात ओढली जायची, तिच्यात त्यामुळे पातळ पेट्रोल शिरत राहिले आणि कोळसा वाफ धरेनासा झाला. कॅनिस्टर बदलावे लागले.

खालच्या भोकाला डाग देण्याआधी, म्हणजे ते झाळण्याआधी, धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्याने टाकी तीनदा धुतली गेली. रिकाम्या टाकीतली उरलेली वाफच अधिक घातक असते, म्हणून डाग देतानाही भोकाजवळची जागा तेवढी सोडून आत पाणी भरून ठेवले होते. गंज पोखरत गेला होता तेवढ्या भागावर पत्र्याचे ठिगळ बसवले. शेवटी सगळी तोंडे बंद करून, आत अगदी कमी दाबाची हवा देऊन, पंक्चर शोधताना ट्यूब बुडवतात तशी टाकी पाण्याच्या हौदात बुडवली. एका कडेला बारीक बुडबुड्यांची माळ उठली, तेव्हा कुरकुर न करता तो डाग त्यांनी पुन्हा दिला.

तक्रारी दोन आहेत. दोन दिवसांचे काम चार दिवस चालले, आणि चौकशी केल्याशिवाय कोणी फोन केला नाही. काढलेले पेट्रोल पाण्याच्या वीस लिटरच्या प्लॅस्टिक जारमध्ये भरून कोपऱ्यात ठेवले होते. इतर बाबतीत एवढी दक्षता घेणाऱ्या माणसांकडून हे अपेक्षित नव्हते, आणि तसे मी सांगितलेही. बिल सगळे मिळून ५,४०० रुपये झाले, सुट्या भागांची पावती वेगळी मिळाली आणि जुना नळा न मागता परत दिला गेला. त्यानंतर दोनदा टाकी भरून, नोझल थांबताच मीही थांबून, पेट्यांसह आंबा घाट चढून आलो. गाडीत वास आला तो हापूसचाच.